कोरी जागाही आता दिसत नाही

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. परमेश्वराच्या देवळामुळे ते लोकांच्या तोंडी टिकून राहिले. कागदोपत्री मात्र चालते ते निजामी अमदानीतले नाव. 'हिमायत' म्हणजे पाठराखण, आश्रय. आपल्या प्रजेला ज्या ज्या गोष्टींपासून निजाम सरकार आश्रय देऊ पाहत होते, त्यांत वर्तमानपत्र ही एक होती. सभा भरवायची तर परवानगी, खासगी शाळा काढायची तर परवानगी, वाचनालय उघडायचे तरी परवानगी. 'गश्ती निशाण त्रेपन्न' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या फर्मानाची आठवण मराठवाड्यातील जुन्या घरांतून अद्याप पुसली गेलेली नाही. गावाच्या उत्तरेला पैनगंगा. पलीकडे उमरखेडचा मुलूख, म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाडावर निजामाचा हक्क कागदावर शाबूत होता, पण कारभार इंग्रजांचा होता. त्यामुळे एकाच नदीच्या दोन काठांवर छापील शब्दाची किंमत दोन प्रकारची होती. पलीकडच्या बाजारात जे पत्र उघडपणे वाचता येई, ते अलीकडे जवळ बाळगणे म्हणजे पोलिसांना घरी बोलावणे.

आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केले ते पुण्याहून. ज्या प्रदेशाचे नाव पत्राने घेतले त्या प्रदेशात ते छापण्याची सोय नव्हती, एवढ्यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर तिच्या जन्मापूर्वीच बंदी घालण्याचा पराक्रम निजाम सरकारने केला होता. मग या पत्राची गय होणार कशी? संस्थानात त्याला मनाई झाली. वाघमाऱ्यांनी नाव बदलले. नव्या नावावर मनाई झाली, तेव्हा आणखी एक नाव घेतले. मनाईचा हुकूम आणि नवे नाव यांची ही शर्यत बराच काळ चालली, आणि प्रत्येक नव्या नावासरशी वाचकाला आणखी एकदा कळत गेले की सरकारला याची भीती वाटते. बंदीचा हुकूम हीच पत्राची जाहिरात ठरत होती. ही किंमत सर्वांनाच एवढ्यावर भागवता आली, असे मात्र नाही. हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांनी संस्थान भारतात विलीन व्हावे असे निर्भयपणे लिहिले, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी भररस्त्यात त्यांचा खून केला. लिहिणारा हात तोडण्यापर्यंत त्या मारेकऱ्यांची मजल गेली. त्यानंतर महिनाभरातच ते राज्य संपले.

या इतिहासाची उजळणी करण्याचे कारण असे की, पैनगंगेच्या दोन काठांमधला तो फरक आज उरलेला नाही, हे विधान हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. आणि वरवर पाहता ते खरेही आहे. हिमायतनगरच्या शाळेतील शिक्षक, तहसील कचेरीतील कारकून किंवा नांदेडच्या विद्यापीठाचा निकाल पाहण्यासाठी मोबाइल उघडणारा विद्यार्थी यांना मुंबई-दिल्लीची बातमी ती घडताक्षणीच मिळते. तालुक्याच्या वार्ताहराला आता बातमीचे पाकीट संध्याकाळच्या एस.टी.च्या वाहकाच्या हाती देऊन ते कार्यालयात पोचण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि ज्या तारेवर एके काळी त्याची भिस्त होती ती तारसेवा २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली तेव्हा तिच्यासाठी हळहळायलाही फारसे कोणी उरले नव्हते. ज्याच्या खिशात मोबाइल आहे तो वार्ताहर, ज्याच्याकडे थोडी हिंमत आहे तो संपादक. छापखाना नको, कागदाचा कोटा नको, विक्रेत्याची मनधरणी नको. अशा काळात सेन्सॉरची कात्री चालणार तरी कशावर, असा सवाल केला जातो. तो सवाल भाबडा आहे. कात्री गेलेली नाही; ती दिसेनाशी झाली आहे, आणि या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

२५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील वर्तमानपत्रांच्या रस्त्यावरची वीज तोडण्यात आली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रसिद्धिपूर्व तपासणीचा अंमल सुरू झाला. दोनच दिवसांनी 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेने जे सांगितले ते कदाचित कोणत्याही अग्रलेखाला सांगता आले नसते. सत्ताधाऱ्यांना हे लगेच उमगले. म्हणूनच तपासणीच्या सूचनांत पुढे एक विलक्षण कलम आले: अग्रलेखाची जागा कोरी सोडू नये, आणि ती महात्मा गांधी किंवा रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासारख्यांच्या वचनांनीही भरू नये! सरकारने गांधीजींच्या वचनांची धास्ती घ्यावी, या गोष्टीतला विनोद त्या वेळी छापता येत नव्हता. पण त्यामागचा हिशेब अचूक होता. बातमी दडपणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच ती दडपली गेल्याचे वाचकाला न कळणेही महत्त्वाचे. वाचकाला कोरी जागा दिसली की तो शेजाऱ्याला विचारतो, शेजारी आणखी कोणाला विचारतो. कोरी जागा हा पुरावा असतो. आणीबाणीच्या सेन्सॉरला हा पुरावा पूर्णपणे नाहीसा करणे जमले नाही. पुण्यात यदुनाथ थत्ते यांच्या 'साधने'ला कारवाईला तोंड द्यावे लागले, औरंगाबादेत 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव यांना तुरुंगवास घडला. ही सारी मंडळी कोठे आहेत आणि का आहेत, हे मराठवाड्याला ठाऊक होते. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी जे धैर्य दाखवले, तेही साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होते.

आणीबाणीच्या सेन्सॉरला जे साधले नाही, ते आजच्या कायद्याने विनासायास साधले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६९-अ अन्वये केंद्र सरकारला इंटरनेटवरील कोणताही मजकूर जनतेच्या नजरेआड करण्याचा अधिकार मिळाला. देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणे कलमात दिलेली आहेत. ती राज्यघटनेतूनच घेतलेली असल्याने त्यांविषयी फारशी तक्रार करता येत नाही. खरी मेख आहे ती २००९ साली केलेल्या नियमांत. सोळावा नियम सांगतो की, या बाबतीतील सर्व मागण्या, तक्रारी आणि त्यांवरील कारवाई पूर्णपणे गोपनीय ठेवावी. आठवा नियम सांगतो की, मजकूर काढण्यापूर्वी संबंधित व्यक्तीला किंवा मध्यस्थ कंपनीला नोटीस द्यावी. साऱ्या प्रकरणाचे सार त्या 'किंवा'मध्ये आहे. नोटीस कंपनीला पाठवली की नियमाचे पालन झाले, असे मानण्याची वाट त्या एका शब्दाने मोकळी होते. ज्याने लिहिले त्याला आपले लिखाण कोणी, कधी आणि कशासाठी काढले हे कळलेच पाहिजे असे नाही. आणि वाचकाला? वाचकाला पडद्यावर 'पान सापडत नाही' एवढीच ओळ दिसते. आपल्या मोबाइलचा दोष की टॉवरचा, याचा विचार करीत तो दुसरे पान उघडतो.

श्रेया सिंघल खटल्यात मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६-अ रद्द केले, त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यच झाले. त्या खटल्याचे मूळ महाराष्ट्रातलेच होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्याबद्दल आणि त्या पसंत केल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्या अटकेने देश हादरला, कारण ती सर्वांना दिसली. परंतु त्याच निकालात न्यायालयाने कलम ६९-अ कायम ठेवले, आणि ते कायम ठेवताना असे म्हटले की, आदेशाची कारणे लेखी नोंदवली जात असल्याने त्यांना उच्च न्यायालयात आव्हान देता येईल. हा दिलासा कागदावर चोख आहे. पण जो आदेश हातीच पडत नाही त्याला आव्हान द्यायचे कसे? हुंड्याच्या चालीची टवाळी करणारे एक संकेतस्थळ २०१८ साली बंद करण्यात आले. ते चालवणारा पत्रकार आदेशाची प्रत मागत राहिला आणि गोपनीयतेचे कारण ऐकत राहिला. शेवटी दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये त्याला प्रत द्यावी आणि त्याचे म्हणणे ऐकावे असा आदेश दिला. एका विनोदासाठी एवढी वर्षे कोर्टकचेरी! हिमायतनगरसारख्या ठिकाणी यूट्यूबवर तालुक्याच्या बातम्या देणारा एखादा होतकरू तरुण दिल्लीच्या वकिलाची फी कोठून आणणार? मोठ्या संस्थेचीही अवस्था फार वेगळी नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांवरील एका व्यंगचित्रानंतर तामिळनाडूतील 'विकटन' या जुन्या प्रकाशनसंस्थेचे संकेतस्थळ अनेक वाचकांना उघडेनासे झाले, तेव्हा आपल्याला कसलीही अधिकृत सूचना मिळालेली नाही असे त्या संस्थेला जाहीर करावे लागले. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने संकेतस्थळ खुले करण्यास सांगितले. ते व्यंगचित्र तूर्त काढून ठेवण्याच्या अटीवर.

येथे मध्यस्थ कंपन्यांच्या भूमिकेकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. ही युक्ती काही आजची नाही. १९१० च्या प्रेस कायद्याने इंग्रज सरकारने छापखान्यांच्या मालकांकडून जामीनरकमा मागण्यास सुरुवात केली. संपादक तुरुंगात जायला तयार असतो; मुद्रकाला यंत्राचे हप्ते फेडायचे असतात, कामगारांचे पगार करायचे असतात. म्हणून संपादकाला धमकावण्यापेक्षा मुद्रकाला घाबरवणे नेहमीच सोपे गेले आहे. आणीबाणीतही हेच घडले. आजचा छापखाना म्हणजे परदेशात मुख्यालय असलेल्या दोन-चार बलाढ्य कंपन्या. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर टाकलेली नाही, ही त्यांची जामीनरक्कम. सरकारचे ऐकले नाही तर ती जप्त होण्याची भीती. २०२१ च्या नियमांनी आदेश मिळताच मजकूर काढण्यास छत्तीस तासांची मुदत ठेवली होती. एवढ्या वेळात कंपनीतला कोणता कारकून मराठी लेख वाचून त्यातील उपरोध आणि बदनामी यांतला फरक पाहत बसणार? तो काढून टाकतो आणि मोकळा होतो. मुद्रकाला निदान संपादकाची ओळख असे, गावाची लाज असे. या कंपन्यांना हिमायतनगर नकाशावर कोठे आहे हेही माहीत असण्याचे कारण नाही. गृहखात्याने 'सहयोग' नावाची यंत्रणा उभारून केंद्रापासून राज्यांपर्यंतच्या अधिकाऱ्यांना थेट कंपन्यांकडे मजकूर काढण्याच्या सूचना धाडण्याची सोय केली. तीविरुद्ध 'एक्स' कंपनीने केलेला अर्ज कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळला. नाव मोठे समर्पक आहे. सहयोग कोणाचा आणि कोणाविरुद्ध, एवढेच विचारायचे.

दुसरा मार्ग अधिक सरधोपट. मजकूर निवडत बसण्यापेक्षा सेवाच बंद करावी. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आरक्षण आंदोलनाला बीड जिल्ह्यात हिंसक वळण लागले, लोकप्रतिनिधींची घरे पेटवली गेली, तेव्हा संचारबंदीबरोबर तेथे इंटरनेटही बंद करण्यात आले. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीने हा अनुभव घेतला होता. काश्मिरात तर ऑगस्ट २०१९ पासून तो महिनोन्‌महिने लांबला. 'काश्मीर टाइम्स'च्या अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या मुळात यासाठीच की, दळणवळण तुटल्यामुळे त्यांना आपल्या पत्राची श्रीनगर आवृत्ती काढणे अशक्य झाले होते. कोणत्याही सेन्सॉरने एक ओळही खोडली नव्हती आणि तरी वर्तमानपत्र निघत नव्हते! १० जानेवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने बेमुदत बंदी बेकायदा ठरवली आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत असे बजावले. इंटरनेट बंद झाले की बँकेचा व्यवहार अडतो, रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र चालेनासे होते, परीक्षेचा अर्ज राहून जातो, हे सर्वांना जाणवते. त्या दिवशी आपल्या गावात काय घडले याची शहानिशा करण्याचे साधनही नाहीसे झाले, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

सरकारची बाजू पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. भिक्षा मागण्यासाठी दारोदार फिरणारे लोक एका खोट्या संदेशाने बळी पडावेत, यापरती लाजिरवाणी गोष्ट नाही. आणि अशा वेळी राज्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसावे असे कोणी म्हणणार नाही. तथापि राईनपाड्याचा धडा कोणता? अफवा पसरली ती वर्तमानपत्रांनी फार लिहिले म्हणून नव्हे. तिला वेळीच आणि विश्वासार्ह रीतीने खोडून काढणारा आवाज त्या पाड्यापर्यंत पोचला नाही म्हणून. इंटरनेट बंद झाल्याने अफवा थांबतेच असे नाही. ती मोबाइलवरून उतरून जिभेवर येते, आणि जिभेवरच्या अफवेचा उगम शोधणे पोलिसांनाही कठीण. आणीबाणीत वर्तमानपत्रे मुकी झाली तेव्हा नसबंदीच्या खऱ्या-खोट्या कहाण्या तोंडोतोंडी उत्तर भारतभर पोचल्याच. दिल्लीला मात्र त्यांची खबर लागली ती १९७७ च्या मतपेट्या उघडल्यावर. सेन्सॉरशिपचा सर्वांत मोठा बळी पुष्कळदा ती लादणारे सरकारच असते, कारण कात्रीतून सुटून खरी बातमी त्याच्यापर्यंतही पोचत नाही. निजामालाही आपल्या रयतेच्या मनात काय चालले आहे ते फार उशिरा कळले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने समाधानाची बाब एकच की, मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नावर आपली जुनी परंपरा सोडलेली नाही. १९७६ साली, आणीबाणी ऐन भरात असताना, मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातील मजकुरावर चालवलेली कात्री याच न्यायालयाने अवैध ठरवली. जनमताला एकाच साच्यात ओतणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. ऑगस्ट २०२१ मध्ये याच न्यायालयाने पत्रकार निखिल वागळे आणि 'द लीफलेट' यांच्या अर्जांवर इंटरनेटवरील वृत्तप्रकाशकांना लागू केलेल्या आचारसंहितेच्या नियमांना स्थगिती दिली. पुढे २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलून, आपल्या कारभाराविषयीची कोणती माहिती खोटी हे ठरवणारे पथक आपणच नेमण्याची तरतूद केली. कुणाल कामरा यांच्या अर्जावर दोन न्यायमूर्तींचे मत विभागले, आणि तिसरे न्यायमूर्ती अ. श. चांदूरकर यांच्या निर्णयानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद रद्द झाली. आरोपी, फिर्यादी आणि न्यायाधीश या तिन्ही खुर्च्यांवर सरकारलाच बसू देण्याची ती तजवीज होती. परंतु या तिन्ही प्रसंगी लढाई होऊ शकली, ती नियम किंवा हुकूम उघड्यावर असल्यामुळे. मसानींच्या टेबलावर सेन्सॉरने खोडलेली पाने होती. ती घेऊनच ते न्यायालयात गेले.

म्हणून मागणी करायचीच तर ती साधी असावी. इंटरनेटच्या तांत्रिक व्यवहारात पान न सापडल्यास ४०४ हा संकेत दाखवतात, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. कायदेशीर कारणास्तव एखादे पान रोखले असेल तर दाखवण्यासाठी ४५१ असा वेगळा संकेत २०१५ मध्ये जागतिक पातळीवर मान्य झाला. पुस्तके जाळणाऱ्या राजवटीचे चित्र रंगवणाऱ्या रे ब्रॅडबरीच्या कादंबरीच्या नावातून तो आकडा उचललेला आहे. या संकेताबरोबर कोणाच्या हुकमाने आणि कोणत्या कायद्याखाली पान रोखले ते वाचकाला सांगता येते. इंटरनेटवरील कोरी जागा ती हीच. ती दाखवण्याची सक्ती करायला नवे यंत्र लागत नाही, खर्चही येत नाही. सोळाव्या नियमातील गोपनीयता राष्ट्राच्या संरक्षणाशी खरोखर निगडित असलेल्या प्रकरणांपुरती मर्यादित केली आणि आठव्या नियमातील 'किंवा'च्या जागी 'आणि' घातला की पुरे. त्याचबरोबर या आदेशांचा फेरविचार करणाऱ्या समितीकडेही लक्ष द्यावे लागेल. या समितीवर मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव बसतात. म्हणजे सरकारच्या हुकमाची तपासणी सरकारचेच तीन सचिव करतात. तीत निवृत्त न्यायाधीश असावा, आणि किती आदेश तपासले व त्यांपैकी किती रद्द केले याचा तपशील दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. मराठवाड्याच्या खासदारांपैकी कोणी हा प्रश्न लोकसभेत विचारला, तर उत्तर देताना मंत्रिमहोदयांना पुन्हा गोपनीयतेचा नियम वाचून दाखवावा लागेल. तो त्यांनी सभागृहात उभे राहून मोठ्याने वाचावा.